आठ जास्तीच्या खुंट्या

एकदा एका मेस्त्रींनी एका दुकानासाठी एकशेवीस खुंट्या केल्या. लागणार होत्या एकशेबारा. आता आठ खुंट्यांनी असं काय आभाळ कोसळतं, असं तुम्ही म्हणाल. ज्याने मला ही गोष्ट सांगितली, त्याला मीही तेच विचारलं होतं. तो म्हणाला, ‘‘तुम्हा लिहिणाऱ्यांना घाई फार. आधी ऐका तरी!’’ तेव्हा तुम्हीही जरा दम धरा.

हे मेस्त्री कोकणातल्या एका बाजारगावचे. वय बहात्तर. त्यांचं नाव कुणी घेत नसे. नुसतं ‘मेस्त्री’ म्हटलं की पंचक्रोशीत दुसरा कुणी डोळ्यांपुढे येत नसे. बांधकामाची त्यांची रीत जुनी होती. ऐनाचे खांब, किंजळाच्या तुळया, मातीत बसवलेला जांभा, वर कौलं. सगळ्या सांगाड्यात एक खिळा नाही की सिमेंटची एक चिमूट नाही. तुळईचं टोक खांबाच्या खाचेत बसवायचं, गिरमिटाने आरपार भोक पाडायचं आणि त्यात खैराची खुंटी ठोकायची. काम पक्कं. पण तीच खुंटी मागच्या बाजूने ठोकली की बाहेर येते आणि सांधा सुटतो. त्यामुळे मेस्त्रींची इमारत कुणी पाडत नसे, उतरवत असे. एका जागी उतरवून दुसऱ्या जागी चढवलेली दुकानं त्या पेठेत चार-पाच तरी होती.

त्यांच्या हाताखाली हेमांगी नावाची एक शिष्या होती. वय सव्वीस, इंजिनिअरिंगची पदवी घेतलेली. शहरात नोकरी करताना तिने पाडलेल्या इमारतींचा राडारोडा खाडीत ओतणारे ट्रक पाहिले होते. चांगल्या विटा, चांगलं लाकूड, चांगले दरवाजे, सगळं चिखलात. त्या दिवशी तिचं डोकं इतकं फिरलं की तिने नोकरी सोडली आणि मनोमन व्रतच घेतलं, आपल्या कामात एक काडी वाया जाऊ द्यायची नाही. ते व्रत घेऊनच ती मेस्त्रींकडे आली आणि दोन वर्षं राहिली. पोरगी हुशार होती, कष्टाळू होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला पुरतं ठाऊक होतं.

त्या वर्षी रेडीज शेठनी कापडाचं नवं दुकान बांधायला काढलं. शेठना खरं तर काँक्रीटची इमारत हवी होती, काचेच्या दर्शनी भागाची. हेमांगीने त्यांना चार संध्याकाळी बसून समजावलं. ती म्हणाली, ‘‘शेठ, उद्या रस्ता रुंद झाला, एसटी स्टँड हललं, काहीही झालं, तर काँक्रीट तुमच्याबरोबर येणार नाही. हे दुकान येईल. मी शब्द देते.’’

शेठ हसून म्हणाले, ‘‘बाईंनी शब्द दिलाय म्हटल्यावर झालं तर मग.’’

काम सुरू झालं. खुंट्या मेस्त्रींनी स्वतः बसून तासल्या. त्यासाठी खैराचं लाकूड त्यांनी दहा वर्षं माळ्यावर वाळवलं होतं. हेमांगीने मोजून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘मेस्त्री, आठ जास्त झाल्या.’’

‘‘झाल्या खऱ्या,’’ मेस्त्री म्हणाले आणि पटाशीला धार लावत बसले.

तिला वाटलं, वय झालं, मोजणीत चुकत असतील. मोठ्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं? ती आपल्या कामाला लागली.

सांगाडा उभा राहिला, कौलं चढली. एकशेबारा खुंट्या लागल्या आणि आठ टोपलीत उरल्या. मेस्त्री चार दिवस लेकीकडे गेले, तेव्हा हेमांगीने जागा साफ करायला घेतली. ढलप्या कुंभाराकडे गेल्या, भुसा नारळांच्या आळ्यांत गेला, फुटकी कौलं वाटेवर पसरली. राहिल्या त्या आठ खुंट्या. वीतभर लाकूड, त्याचं करायचं काय? कामावरच्या बायकांचा चहा तिथेच तीन दगडांच्या चुलीवर होत असे. तिने त्या खुंट्या चुलीत सारल्या. काडीही वाया गेली नाही, याचं तिला समाधान वाटलं.

योगायोग असा की मेस्त्री त्याच दुपारी परतले. तिने त्यांच्या हातात चहाचा पेला दिला. त्यांनी एक घोट घेतला, पेल्यात पाहिलं, मग रिकाम्या टोपलीकडे पाहिलं. आणि मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. बहात्तराव्या वर्षी ते शिडी लावून दरवाजावरच्या तुळईपर्यंत चढले. तिथे तुळईतच कोरलेला एक हातभर लांब कोनाडा होता आणि त्याला सरकती फळी होती. हेमांगी तो शोभेचा समजत होती. मेस्त्रींनी फळी सरकवली, आत हात घालून चाचपलं, फळी पुन्हा लावली, कोनाड्याला हात जोडले आणि हळूहळू खाली उतरले.

‘‘काय होतं मेस्त्री तिथे?’’

‘‘काही नाही,’’ ते म्हणाले. ‘‘चहा चांगला झालाय हो.’’

एवढंच. पुढच्या महिन्यात हेमांगी पुण्याला गेली आणि मेस्त्रींकडचं तिचं शिक्षण तिथेच संपलं.

बारा वर्षं गेली. हेमांगीने नाव काढलं. पुन्हा वापरता येतील अशा इमारती बांधणारी म्हणून तिला लांबलांबून बोलावणी येऊ लागली. ती भाषणं करी आणि प्रत्येक भाषणात पहिलं चित्र रेडीजांच्या दुकानाचं दाखवी. ‘‘हे दुकान उद्या जसंच्या तसं उतरवून दुसरीकडे उभं राहू शकतं,’’ ती म्हणे, आणि लोक टाळ्या वाजवत. टाळ्या वाजवायला काय जातं!

मग एक दिवस शेठचा फोन आला. रस्ता रुंद होणार होता आणि दुकान बरोबर त्या रुंदीत येत होतं. जागा रिकामी करायला दीड महिन्याची मुदत होती. नदीपलीकडे त्यांना दुसरी जागा मिळाली होती. पण मुलगा म्हणत होता, जेसीबी लावा, पाडून टाका, तिकडे काँक्रीट घालू.

‘‘बाई, मी बारा वर्षं त्या दुकानात बसलोय. तुमच्या शब्दावर मी ते लाकडाचं बांधलं,’’ शेठ म्हणाले. ‘‘आता पोरगा मला हसतोय. तुम्ही या आणि ते पलीकडे उभं करून दाखवा. नाही जमलं तर तसं सांगा, मी जेसीबीला बोलावतो.’’

हेमांगी दुसऱ्याच दिवशी निघाली.

काम लवूदादाने हाती घेतलं. लवूदादा म्हणजे मेस्त्रींचा जुना गडी, आता पन्नाशीचा आणि स्वतःच मुकादम. मेस्त्री चौऱ्याऐंशीचे झाले होते. घराबाहेर फारसे पडत नसत. कौलं उतरली, वासे उतरले, तुळया उतरल्या. जांभ्याचे चिरे मातीतून अलगद सुटले. अकरा दिवसांत सगळं दुकान नदीपलीकडच्या जागेवर ओळीने मांडून झालं. बघायला अर्धी पेठ जमली होती. शेठचा मुलगासुद्धा हाताची घडी घालून बघत उभा होता. चेहऱ्यावरचं हसू जरा कमी झालं होतं, एवढंच.

आणि मग खुंट्या मोजल्या. एकशेपाच धड होत्या, सात चिरल्या होत्या.

‘‘चिरायच्याच,’’ लवूदादा सहज म्हणाला. ‘‘ठोकून काढताना शंभरात पाच-सात जातात. कोनाड्यातल्या घ्या ना.’’

‘‘कोणत्या कोनाड्यातल्या?’’ हेमांगीने विचारलं.

लवूदादाने तिच्याकडे आश्चर्याने पाहिलं. दरवाजावरची तुळई तिथेच जमिनीवर होती. त्याने कोनाड्याची फळी सरकवली आणि आत हात घातला. मग मान वाकवून आत डोकावला.

‘‘रिकामा?’’ तो म्हणाला. ‘‘असं कसं? प्रत्येक इमारतीला आठ जास्तीच्या करून कोनाड्यात ठेवायच्या, ही मेस्त्रींची रीत. त्या आत बसून वाळत राहतात. उद्या उतरवताना चिरतील त्यांच्या जागी घालायला.’’

हेमांगीला तो चहा आठवला. चूल आठवली, टोपली आठवली, शिडीवर चढलेला तो म्हातारा माणूस आठवला.

दुसऱ्या दुकानांच्या कोनाड्यांतल्या खुंट्या त्या-त्या दुकानाच्याच, असं लवूदादा धरून चालला होता. नव्या खुंट्या करायला त्याची हरकत नव्हती. पण वाळलेला खैर आसपास कुठे मिळेना, आणि ओल्या लाकडाच्या खुंट्या ठोकल्या तर सुकल्यावर त्या आक्रसतात, सांधे ढिले पडतात. वर कापडाच्या गठ्ठ्यांचा माळा आणि खाली गिऱ्हाईक. लोखंडी बोल्ट घालावेत तर खाऱ्या हवेत ते गंजून लाकूडही खातात आणि पुन्हा निघत नाहीत ते नाहीतच. सात वीतभर खुंट्यांसाठी सगळं दुकान जमिनीवर आडवं पडून राहिलं.

शेठ कपाळाला हात लावून म्हणाले, ‘‘म्हणजे मेस्त्री विसरले म्हणायचे. एवढा मोठा माणूस, आणि माझ्याच वेळी विसरावं त्यांनी!’’

आणि इथे, वाचकहो, हेमांगी बोलली नाही. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. तिने उघडलं नाही. बारा वर्षं टाळ्या घेतलेलं माणूस चारचौघांत ‘मी जाळल्या’ असं कसं म्हणणार? तिने पदराने घाम पुसला आणि म्हणाली, ‘‘बघू काहीतरी.’’

दुसऱ्या दिवशीही शेठ तेच बोलले. आता ते भेटेल त्याला सांगू लागले, म्हाताऱ्याने घात केला. ते ऐकून मात्र तिला राहवेना. आपल्याला ज्याने हातात पटाशी धरायला शिकवलं, त्याच्या नावाला आपल्यामुळे बट्टा लागतोय, ही लाज त्या दुसऱ्या लाजेहून मोठी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून ती मेस्त्रींच्या घरी गेली.

मेस्त्री पडवीत आरामखुर्चीत बसले होते. तिने पाया पडून एका दमात सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, ‘‘मेस्त्री, त्या आठ खुंट्या मी चुलीत घातल्या. आणि परवा शेठ तुम्हाला बोल लावत होते, तेव्हा मी गप्प बसले.’’

मेस्त्री जरा हसले. ‘‘चुलीतलं मला माहीत आहे गो. तो चहा मीही प्यालो होतो की! दहा वर्षं वाळवलेल्या खैराच्या जाळाचा वास मला कळणार नाही?’’

‘‘मग तुम्ही बोलला का नाहीत?’’ ती जवळजवळ रडायलाच आली. ‘‘दोन कानफटात द्यायच्या होत्या मला!’’

‘‘तेव्हा बोललो असतो तर तू ‘चुकलं’ म्हणाली असतीस आणि पुढच्या वेळी माझ्या भीतीने ठेवल्या असत्यास. पुण्याला गेल्यावर माझी भीती कितीशी पुरणार? मला वाटलं, विचारशील एक दिवस, मेस्त्री, त्या कोनाड्याला हात का जोडलेत. तू विचारलं नाहीस. मग मीही म्हटलं, कधीतरी ते दुकान उतरेल, तेव्हा कोनाडाच सांगेल.’’

‘‘पण आता शेठच्या दुकानाचं काय?’’

‘‘सांगतो. बस अशी.’’ मेस्त्री खुर्चीत सावरून बसले. ‘‘बाय, काडी वाया घालवायची नाही, हे तुझं मला पहिल्या दिवसापासून आवडलं. पण वाया म्हणजे काय, हे तू त्या दिवसापुरतं ठरवलंस. आज लागत नाही म्हणून उरलेलं, उरलेलं म्हणून चुलीत. इमारत उद्या सुटावी असा सांधा करायला मी तुला शिकवलं, तो तू अचूक केलास. पण सुटलेला सांधा पुन्हा जोडायला कुणीतरी येणार आहे, त्याची तू आठवण ठेवली नाहीस. त्याच्यासाठी आधी काही ठेवावं लागतं, आणि ते वेळेवर करून चालत नाही. लाकूड वाळायला वर्षं जातात. ते काम लाकूड स्वतःच करतं. आपण फक्त त्याला जागा द्यायची आणि हात लावायचा नाही.’’

मेस्त्रींनी हाताने पेठेकडे खूण केली.

‘‘दुसरं असं, की त्या आठ खुंट्या रेडीजांच्या नव्हत्याच. माझ्या गुरूंनी सगळ्या शिष्यांना एकाच मापाचं गिरमिट दिलं, ते काय उगीच? या पेठेतल्या प्रत्येक दुकानाचं भोक एकाच मापाचं आहे. एकाच्या कोनाड्यातली खुंटी दुसऱ्याच्या खांबात बसते. भुसारी दुकानात जा, भांड्यांच्या दुकानात जा. वाळलेल्या घेऊन ये आणि त्यांच्या जागी ओल्या ठेव. तिथे त्या वाळतील. मात्र मागताना खरं सांगायचं, कशाला हव्यात ते. आणि सगळ्यांत आधी शेठना सांगायचं.’’

ती थेट नदीपलीकडे गेली. चिऱ्यांच्या ढिगाशी शेठ, त्यांचा मुलगा आणि लवूदादा उभे होते. तिने सगळ्यांसमोर सांगितलं. शेठ संतापले. ‘‘अहो बाई, दोन दिवस मी त्या देवमाणसाला गावभर बोल लावला आणि तुम्ही मुकाट ऐकत होतात?’’ ते ओरडले. तिने मान्य केलं. सबब सांगितली नाही. शेठ तसेच चपला सरकवून मेस्त्रींच्या घरी गेले, आणि तिथे काय झालं ते कुणाला कळलं नाही. परतले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते आणि राग ओसरला होता.

मग हेमांगी भुसारी दुकानात गेली. तिथल्या मालकाने तिची हकिकत ऐकून पोट धरधरून हसून घेतलं, मग स्वतः शिडी लावली आणि तीन खुंट्या काढून दिल्या. उरलेल्या पाच त्याने राहू दिल्या. आपलंही छप्पर पुढच्या वर्षी उतरवायचंय म्हणाला.

भांड्यांच्या दुकानात एक वयस्कर काकू गल्ल्यावर होत्या. हेमांगीला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं.

‘‘घेऊन जा गो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आमच्यासुद्धा कुठे आमच्या आहेत? वादळात आमचा माळा बसला, तेव्हा सहा खुंट्या वाचनालयाच्या कोनाड्यातून आणल्या होत्या. सासरे म्हणायचे, ज्याला लागेल त्याने न्यावं, आणि नेणाऱ्याने ठेवावं. तू ठेवशील ना?’’

‘‘ठेवीन काकू,’’ हेमांगी म्हणाली, आणि इतक्या दिवसांचं दाबून धरलेलं रडू तिला तिथेच, हंड्याकळश्यांच्या मधोमध आलं. काकूंनी तिला पाणी दिलं आणि चार खुंट्या कागदात बांधून दिल्या.

त्या सात खुंट्या सात भोकांत अशा बसल्या की जणू त्याच भोकांसाठी तासल्या होत्या. हेमांगीने स्वतः ताज्या खैराच्या पंधरा खुंट्या केल्या. तीन भुसारी दुकानाच्या कोनाड्यात, चार काकूंच्या, आणि आठ रेडीजांच्या. मुदतीच्या चार दिवस आधी दुकान नदीपलीकडे उभं राहिलं. तेच खांब, त्याच तुळया, तीच कौलं. लग्नसराईचं पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा शेठ आपल्या जुन्या गादीवर बसले होते.

मुहूर्ताच्या दिवशी मेस्त्रींना खुर्चीसकट उचलून आणलं. त्यांनी खांबांवरून हात फिरवला. हेमांगीने त्यांच्या हातात चहाचा पेला दिला. त्यांनी एक घोट घेतला, पेल्यात पाहिलं आणि मग तिच्याकडे पाहिलं.

‘‘कशावर केलास?’’

‘‘गॅसवर, मेस्त्री. देवाशपथ!’’

‘‘तरी बघून ये.’’

सगळे हसले. हेमांगी मात्र हसली नाही. तिने शिडी लावली, जमलेल्या पेठेसमोर दरवाजावरच्या तुळईपर्यंत चढली, फळी सरकवली आणि आत हात घालून एकेक मोजली. लाकूड अजून गार आणि ओलसर लागत होतं. या वाळतील तेव्हा कुणाच्या कामाला येतील, हे तिला ठाऊक नव्हतं आणि ते ठाऊक असण्याची गरजही तिला वाटली नाही. तिने फळी लावली आणि कोनाड्याला हात जोडले.

‘‘आहेत, मेस्त्री,’’ ती वरूनच म्हणाली. ‘‘आठ.’’

मेस्त्रींनी मान हलवली आणि उरलेला चहा सावकाश संपवला.

हेमांगी अजूनही भाषणं करते. पहिलं चित्र आता दुकानाचं नसतं, रिकाम्या कोनाड्याचं असतं, आणि तो कुणी रिकामा केला ते ती पहिल्याच वाक्यात सांगते. मला ही गोष्ट सांगितली ती मात्र तिने नव्हे. ती सांगितली शेठच्या त्या मुलाने, जो जेसीबी बोलावणार होता. आता दुकान तोच बघतो. मी सदऱ्याचं कापड घ्यायला गेलो होतो. त्याने कापड बाजूला ठेवलं, मला दारात नेलं आणि वर बोट दाखवून म्हणाला, ‘‘आधी हे बघा.’’